समकालीन कळा

मी भूगोल शिकवतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझा गुन्हा एवढाच, की एका स्नेहसंमेलनात मी फळ्यावर खडू न उचलता वाशिम जिल्ह्याचा नकाशा काढला होता. सहाही तालुक्यांसकट. टाळ्या पडल्या. मी त्या चार दिवसांत विसरलो, पण आमच्या प्राचार्यांनी नऊ वर्षं लक्षात ठेवल्या आणि गेल्या दिवाळीनंतर मला केबिनमध्ये बोलावून परत केल्या.

"इंगोले सर, तुमची चित्रकला चांगली आहे."

"सर, तो नकाशा होता."

"तेच ते. आपल्याकडे कलादालन आहे. त्याचे तुम्ही प्रमुख."

कॉलेजात मी एकोणीस वर्षं नोकरी करतो. कलादालन कधी पाहिलं नव्हतं. कुठे आहे, असं विचारल्यावर प्राचार्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. फेब्रुवारीत तपासणीची समिती येणार होती. फॉर्ममध्ये रकाना होता: ‘महाविद्यालयात समकालीन कलेचे दालन आहे काय?’ त्यापुढे ‘आहे’ या शब्दावर सरांनी निळ्या शाईने बरोबरची खूण केलेली होती.

"खूण झालेली आहे," ते म्हणाले. "आता फक्त दालन राहिलं."

आमचं कॉलेज मंगरूळपीरच्या पुढे फाट्यावर आहे. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला तूर, समोर फ्लेक्स छापायचं दुकान. समकालीन कला म्हणजे काय, हे स्टाफरूममध्ये कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मराठीच्या सरांनी ‘आपल्या काळाची ती’ असं उत्तर दिलं. आमचे शिपाई पुंजाजी पाण्याचा जग ठेवता ठेवता थांबले.

"म्हंजे सध्याचं?"

"हो, सध्याचं."

"सध्याचं तं दिसूनच राह्यलं सर. त्याले अखीन खोलीत कायले ठेवता?"

या प्रश्नाचं उत्तर पुढे मोठमोठ्या माणसांच्या भाषणांतही मला सापडलं नाही.

दालनासाठी मागच्या इमारतीतली सहा नंबरची खोली ठरली. मोठी, उत्तरेचा उजेड, फक्त दाराला निवडणुकीच्या वेळचं कुलूप आणि त्यावर लाखेचं सील. मतदानाचे पुठ्ठ्याचे आडोसे आत ठेवून जे साहेब कुलूप लावून गेले, त्यांची बदली झाली होती. नव्या साहेबांकडे तीन चकरा मारल्या. पहिल्या चकरेत ते म्हणाले, किल्ली आमच्याकडे नाही. दुसऱ्या चकरेत म्हणाले, किल्ली असली तरी सील तोडण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. तिसऱ्या चकरेत त्यांनी मलाच विचारलं, की तुमच्या कॉलेजात आमचे पुठ्ठ्याचे आडोसे आहेत ते परत का केले नाहीत, आणि खुलासा लिहून घेतला.

खुलासा देऊन परत आलो तर सहा नंबरची खोली उघडी होती. कुलूप जागच्या जागी. सील शाबूत. पुंजाजींनी दाराच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या काढून पल्ला दुसऱ्या बाजूने उघडला होता.

"सरकारचं सरकारपाशी राह्यलं," ते म्हणाले, "आपलं आपल्यापाशी."

त्या दिवसापासून आमच्या दालनात लोक उलट्या बाजूने शिरतात.

आता कलावंत. निकिता पडघान आमची जुनी विद्यार्थिनी. बारावीला माझ्या भूगोलात तिने समोच्च रेषांमध्ये इतकं सुरेख रंगकाम केलं होतं, की उत्तर चुकलंय हे मला दुसऱ्यांदा तपासताना कळलं. नागपूरला पाच वर्षं कलेचं शिक्षण घेऊन ती नुकतीच आली होती. तिची आई बेबीताई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवतात. माझी पत्नी निता त्याच शाळेत शिक्षिका. तेव्हा निरोप डब्यातूनच गेला म्हणा ना.

निकिता आली, खोली पाहिली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी मी घसा खाकरून विचारलं, "फ्रेमा किती लागतील?"

"सर, काय करायचं ते अजून ठरलं नाही."

"उद्घाटनाची तारीख ठरलीय."

"हो सर. तुमचं आधी ठरते, आमचं मागून."

तिचं हे पहिलं प्रदर्शन होतं. पाच वर्षं नागपुरात राहून पोरगी काय शिकली, हे गाव बेबीताईंना हापशीवर विचारायचं, आणि त्या ‘चित्र शिकली’ म्हणून बादली उचलायच्या. घरी मात्र पोरीनं एकही चित्र भिंतीवर लावलेलं नव्हतं. म्हणून मी प्रसिद्धीचं काम तरी मार्गी लावावं, या चांगल्या हेतूनं समोरच्या राजूकडे फ्लेक्स टाकला. राजू आमचा शेजारीही आहे. मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहून दिला होता: ‘समकालीन कला प्रदर्शन. सर्वांना प्रवेश मोफत.’

दुसऱ्या दिवशी फाट्यावर वीस फुटी फ्लेक्स लागला. त्यावर लाल अक्षरांत होतं: ‘समकालीन कळा प्रदर्शन. सर्वांना प्रवेश मोफत.’

"राजू, हे कळा काय आहे?"

"सर, आपन लोक बोलतानी ळ खाऊन टाकतो ना. म्हनून म्या छापतानी आठवनीनं टाकतो. मांगं एका ठिकानी राहून गेला तं लय बोलनी बसली."

"अरे पण इथे ल आहे!"

"मंग तुमी जोरात लिवाले पायजे होतं."

फ्लेक्स उतरवायला दोन दिवस लागतील म्हणाला. शिडी लग्नात गेली होती.

पुढच्या दिवशी सकाळी दहाला मी दालनात पोचलो तर बाहेर चाळीसेक बायका बसलेल्या. कुणी गुडघा दाबत होतं, कुणी पाठ. सोजरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई सगळ्यांत पुढे होत्या.

"डाक्टर कवा येतीन?"

"कोणते डॉक्टर?"

"कळा तपासाचे. बोर्डावर लिवलं हाये ना, फुकट हाये म्हनून. माह्या खांद्यात कळा येऊन राह्यल्या, दोन साल झाले."

त्या गर्दीत संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांच्या पत्नी कस्तुराबाईही गाडीतून कंबर धरून उतरल्या. ‘एका अक्षराची चूक’ हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं, पण माणूस दुखणं घेऊन आला की त्याला शुद्धलेखन सांगता येत नाही. मी बोलत असतानाच निकिता उठली, आतून सतरंजी आणली आणि अंथरली.

"बसा आजी," ती सोजरबाईंना म्हणाली. "डॉक्टर नाही, पण मी आयकते. कुठं दुखते?"

पुंजाजींनी चहा ठेवला. पहिला तासभर गुडघे झाले, कंबर झाली. मग दुखणी हळूहळू अंगातून निघून घरात शिरली. कोणाचं काय काय निघालं ते मला माहीत नाही, कारण निकितानं मला अत्यंत नम्रपणे बाहेर जायला सांगितलं. मी दालनाचा प्रमुख, दालनाबाहेर निंबाखाली दुपारपर्यंत उभा होतो.

संध्याकाळी तिचं ठरलं होतं. प्रत्येक बाईनं एक जुनी साडी द्यायची आणि आजवर कोणाला न सांगितलेलं एक वाक्य सांगायचं. साडीच्या पदराचा चौकोन कापायचा, त्यावर ते वाक्य दोऱ्यानं भरायचं, आणि सगळे चौकोन जोडून भिंतभर एक गोधडी टांगायची. नाव कोणाचंच नाही. हे तिनं बायकांना आपल्या आईची शपथ घेऊन सांगितलं.

मायलेकी तीन आठवडे त्या खोलीत मशीन घालून बसल्या. एका रांगेत आठ, अशा पाच रांगा. उद्घाटनाला चार दिवस राहिले तेव्हा निकिता म्हणाली, "सर, एकोणचाळीसच झाल्या. एक घर रिकामं राहते."

"मी आणतो," मी म्हणालो. आयुष्यात काही वाक्यं माणूस इतक्या सहज बोलतो!

निता शाळेत होती. मी कपाट उघडलं. सगळ्यांत खाली एक पोपटी सुती साडी, घडीवर विरलेली. माझ्या मते ती सेवानिवृत्त झालेली होती. पिशवीत घातली आणि नेऊन दिली. निकितानं साडी हातात घेतली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वाक्य काय टाकू सर?"

"कोरं ठेव," मी म्हणालो. "कोरेपणालाही अर्थ असतो." हे बोलून मी स्वतःवर इतका खूश झालो, की वाटेत राजूलाही ऐकवलं. तो म्हणाला, कोऱ्या फ्लेक्सला तं भावच लागत नाही.

उद्घाटन शनिवारी होतं, वीस जानेवारीला. पाहुणे म्हणून नागपूरचे एक नामवंत कलासमीक्षक. भाऊसाहेबांनी भाषण केलं. भाऊसाहेबांचं भाषण म्हणजे आमच्या भागात ऐकण्याची गोष्ट आहे. कागद खिशातून काढतात आणि असं वाचतात, की वाचतायत असं वाटूच नये. ‘स्त्रीचं मौन हे समाजाचं कर्ज आहे’ या वाक्याला टाळ्या पडल्या. मग फीत कापून सगळे उलट्या बाजूनं आत शिरले.

गोधडी सुंदर होती. हे मी प्रमुख म्हणून बोलत नाही. उत्तरेच्या उजेडात ते चाळीस रंग असे दिसत होते, की दोन मिनिटं कोणी बोललंच नाही.

तिसऱ्या मिनिटाला घोटाळा झाला.

नाव न लिहिण्याची काळजी निकितानं घेतली होती. पण ती पाच वर्षं नागपूरला राहिली होती ना! आमच्या गावात माणसाच्या आधी साडी ओळखतात.

"हे तं देवलाची! बारशाले नेसली होती!"

"अन् हे मोठ्या काठाची कमलीबाईची. ऊन दाखवाले टाकते ना पत्र्यावर."

मग सगळ्या सरसावून वाचायला लागल्या. देवलाच्या चौकोनावर भरलं होतं, ‘मले स्कूटी चालवता येते.’ देवलाचा नवरा तिथंच होता. त्याची स्कूटी दर मंगळवारी आपोआप चिखलाने का माखते, हे कोडं त्याला तिथं सुटलं. कमलीबाईंचं होतं, ‘मले भेंडी आवडत नाही. तेवीस वर्षं झाले, कोनं इचारलं नाही.’ आणि एका अबोली पदरावर, ‘सासूबाई च्यात साखर मोजून टाकते. म्या माह्यी साखर येगळी लपवली.’

सोजरबाईंनी चष्मा पुसला. अबोली साडी त्यांच्या सुनेची, पिंकीची.

"काहून वं पिंके? कोन्या डब्यात?"

पिंकी तोंडाला पदर लावून खिडकीकडे सरकली. हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही, पण खांदे हलत होते.

एवढ्यात भाऊसाहेब एका जांभळ्या रेशमी चौकोनापुढे थांबले. ती साडी ओळखायला तर बायकांचीही गरज नव्हती. गेल्या निवडणुकीत याच साडीतल्या कस्तुराबाई भाऊसाहेबांशेजारी हात जोडून फाट्यावर वर्षभर लटकत होत्या. चौकोनावर भरलं होतं: ‘भाषणं मी लिहून देते.’

भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातला मघाचा कागद हाताने चाचपला, जणू तोच बोलला की काय! कस्तुराबाई शेजारी शांतपणे गोधडीचा टाका पाहत होत्या.

मला हे सगळं नीट दिसत होतं, कारण माझं स्वतःचं अजून झालं नव्हतं. समीक्षक शेवटच्या रांगेत शेवटच्या चौकोनापुढे हात मागे बांधून उभे होते. पोपटी चौकोन. तो कोरा नव्हता. लाल दोऱ्यानं, शाळेतल्या फळ्यावरच्यासारख्या गोल अक्षरांत भरलं होतं:

‘ही साडी मी दिलेली नाही.’

"वा!" समीक्षक म्हणाले. "हा या कृतीचा कळस आहे. एकोणचाळीस स्त्रिया देतात आणि चाळिसावी दातृत्वच नाकारते. हा नकार कोणाला उद्देशून आहे? समाजाला? इतिहासाला?"

मी मान वळवली. निता दाराजवळ चिवड्याच्या प्लेटा वाटत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला एक प्लेट आणून दिली. बाकीच्यांना देते तशीच. फक्त माझ्या प्लेटीत चमचा नव्हता.

घरी ती काहीच बोलली नाही. भूगोलात याला कमी दाबाचा पट्टा म्हणतात.

रात्रीच प्राचार्यांचा फोन आला. भाऊसाहेब फार दुखावले होते. जांभळा चौकोन सोमवारच्या आत काढायचा, नाहीतर दालनाला कुलूप. "सरळ बाजूनेही आणि उलट्या बाजूनेही," असं भाऊसाहेब म्हणाले होते. मी निकिताला कळवलं. ती एवढंच म्हणाली, "सर, मधला तुकडा काढला तं सगळीच उसवते. अन् मी बायकांले काय सांगू? नाव लिहिणार नाही म्हनलं होतं, तेच राह्यलं नाही."

मी नोकरदार माणूस आहे. रविवारी सकाळी सातला कात्री घेऊन निघालो. आणि खरं तेच सांगायचं तर, एक जांभळा काढतोच आहोत तर त्याच आदेशात एक पोपटीही निघून जाईल, असा हिशेब मनात होता. पुंजाजींनी शिडी धरली. का चढताय, असं त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे चढणं जास्त जड गेलं.

वरून चौकोन फार जवळ दिसतात. जांभळ्याच्या आधी मधे एक पांढरा, धुऊन धुऊन जाळी झालेला सुती तुकडा होता. शाळेच्या खिचडीच्या धुराचा वास अजून येत होता. त्यावर निकितानं स्वतःच्या हातानं भरलेलं: ‘पोरगी काय करते ते मले समजत नाही. पन म्या कोनाले सांगत नाही.’

मी कात्री घेऊन तसाच उभा राहिलो. तेवढ्यात खाली पावलं वाजली. बेबीताई वीस-पंचवीस बायकांना घेऊन आल्या होत्या. कापूस वेचायला निघालेल्या बायका, डोक्याला रुमाल, कमरेला वेचलेला कापूस ठेवायच्या ओट्या. अकरा ते पाच ही दालनाची वेळ त्यांच्या कामाची होती, म्हणून कामाआधी आल्या.

"सर, वर काय करून राह्यले?" बेबीताईंनी विचारलं.

"धूळ... धूळ झटकतोय."

"कातरीनं?"

पुंजाजी शिडी धरून छताकडे पाहायला लागले.

"वरच हाये तं वाचून दाखवा ना सर," एक बाई म्हणाली. "आमच्यातल्या अर्ध्यायले वाचता येत नाही, अन् जिले येते तिले येवढ्या वरचं दिसत नाही."

मी कात्री खिशात घातली आणि वाचायला लागलो. वर्गात मी इतक्या शांततेत कधीच वाचलेलं नाही. एकेका वाक्यावर कोणी हसत होतं, कोणी ‘खरं हाये बाप्पा’ म्हणत होतं. जांभळा आला. ‘भाषणं मी लिहून देते.’

"हे तं आमाले म्हाइतच होतं," एक ओटीवाली म्हणाली. "मानूस येवढं चांगलं कवा बोलत असते का?"

बेबीताईंचा चौकोन मी वाचला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. शेजारणीनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "मले बी समजत नाही बेबे. पन पाहावं वाटते."

शिडी सरकवत सरकवत शेवटच्या रांगेला आलो. पोपटी. वाचावा की नाही? पंचवीस जणी वर पाहत होत्या.

"‘ही साडी मी दिलेली नाही.’"

मग बेबीताई म्हणाल्या, "मंग कोनं देली?"

नागपूरच्या समीक्षकांना जो प्रश्न सुचला नव्हता, तो त्यांनी विचारला. मी शिडीवर होतो. उतरून पळायला वाट पंचवीस बायकांतून होती.

"मी दिली," मी म्हणालो. "कपाटातून काढून. बायकोला न विचारता."

अशी हसली ती खोली! सोजरबाईंचा खांदाही बरा झाला असता. हसणं संपल्यावर तीच ओटीवाली म्हणाली, "मंग तिथं कायले उभे हा सर? उतरा अन् घरी जा."

भाऊसाहेबांचं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे मला वेळ मिळेल. सोमवारी मी प्राचार्यांना लेखी कळवलं, की तुकडा निघत नाही, आणि मी काढणारही नाही. कुलपाची भाषा पुन्हा झाली, पण सव्वीस जानेवारी तोंडावर होती. झेंडावंदनाला भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणे कागद काढला. ते भाषण पहिल्यांदा व्यासपीठावरच वाचतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. कारण पहिलंच वाक्य होतं, ‘मित्रहो, हे भाषण माझ्या पत्नीने लिहिले आहे.’ वाचून झाल्यावर ते थांबले. मैदानावर इतक्या टाळ्या पडल्या, की त्यांना हसून हात जोडावेच लागले. दालन उघडं राहिलं. समितीनं काय शेरा दिला म्हणाल, तर ‘प्रवेशद्वार दुरुस्त करावे.’ निकिताची गोधडी मार्चमध्ये नागपूरला गेली, सोबत बेबीताई. परत आल्यावर हापशीवर विचारलं तर आता त्या बादली खाली ठेवून सांगतात.

तर त्या रविवारी मी घरी गेलो. निता तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो, खिशातली कात्री टोचली म्हणून काढून ठेवली, आणि शिडीवर बोललो तेच पुन्हा बोललो. खाली बसून ते वाक्य दुप्पट लांब वाटलं.

"निकितानं त्याच दिवशी फोन केला होता," ती म्हणाली. "चौथीत माझ्या वर्गात होती ती. साडी ओळखली तिनं. ‘मॅडम, कापू का?’ म्हणे. मीच म्हटलं, काप, पण माझं एक वाक्य टाक."

"म्हणजे तुला साडीचा राग नाही?"

"साडीचा नाही हो. कपाटात चाळीस साड्या होत्या. तुमी बरोबर तीच काढली, अन् ती कोणती आहे हे तुमाले माहीत नव्हतं. त्याचा आला."

मी तांदळाकडे पाहत राहिलो. लग्नाला एकवीस वर्षं झालीत. लग्नातली नव्हती, दिवाळीची नव्हती, मी आणलेली तर नव्हतीच, कारण मला पोपटी रंग आणायचं सुचलं नसतं.

"कोणती होती?" मी विचारलं.

तिनं ताट बाजूला सरकवलं आणि सांगितलं. सांगायला तिला अर्धा तास लागला. मधे दुधवाला येऊन गेला, तरी ती सांगायची थांबली नाही.

काय सांगितलं, ते मात्र मी इथे लिहिणार नाही. लिहू का, असं मी तिला अजून विचारलेलं नाही.